मदत हवी आहे: महिन्याचा किराणा की इतवारीच्या ठोक बाजारातून वर्षाचं भरून ठेवायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो, घरात पाच माणसं. किराणा, साबण-सोडा धरून महिन्याला ११,००० च्या वर जातात. गल्लीतल्या दुकानात उधारी चालते म्हणून तिथूनच घेत आलो, अन् तिथंच फसतो बहुतेक!

सासूबाई म्हणतात, उन्हाळ्यात इतवारीतून गहू, तूरडाळ, तिखट-हळद वर्षाची भरावी. मस्कासाथच्या बाजारात भाव विचारून आले, फरक आहे. पण ऑटोचं भाडं धरलं तर किती उरतं? शेजारणीसोबत तांदळाचा कट्टा अर्धा-अर्धा करायचा विचार आहे. कोणी असं करता का?

मुख्य अडचण साठवणुकीची. मागच्या वर्षी गव्हात कडुनिंबाचा पाला टाकला, तरी पावसाळ्यात सोंडे झालेच. ऊन कमी दाखवलं असेल का? तूरडाळीला एरंडेल लावून ठेवलं होतं, ती मात्र छान राहिली.

तेलाचं कळतच नाही. १५ किलोचा पिपा घरी आला की तळण वाढतं, आमच्या ह्यांना रोज भजी सुचतात. पाकिटंच बरी का?

भाजीसाठी कॉटन मार्केटला पहाटे जाणाऱ्यांनी सांगा, दोन-तीन किलोच घ्यायचं असेल तर देतात का?