आधी बायोस, मग प्रोसेसर
भाऊ, कॉम्प्युटरच्या एच६१ मदरबोर्डावरचा इंटेलचा आय३-२१०० प्रोसेसर काढून सेकंडहँड आय५-३४७० टाकायचं म्हणता, तर सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, दोन्हींचं एकच, ११५५. पण २१०० हा २०११ चा अन् ३४७० पुढच्या पिढीचा, २०१२ चा. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, जुनं असलं तर नवा प्रोसेसर ओळखणार नाही; नुसता पंखा फिरेल, स्क्रीन काळीच. म्हणून जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करा, अन् तेही यूपीएसवर! आमच्या दर्यापूरकडे लाइनीचा काय भरवसा. अर्ध्यात गेली तर बोर्डच बाद व्हायचं. मी आपला २१०० च्याच पिढीचा आय५-२४०० टाकला, बायोसची कटकटच नाही. पंखा काढला तर खालची, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट खडूसारखी वाळलेली, पाकळ्यांत कापसाची तूस गच्च. अन् हार्ड डिस्क अजून जुनीच असेल तर पहिले पैसे एसएसडीत, म्हणजे तिच्याजागी बसणाऱ्या वेगवान डिस्कमध्ये घाला, राजेहो.