छत्तीसावी खोली : तासभर मारामारी न करणारा नायक

तालीमवाला
रविवारी भाच्याला शेजारी बसवून 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' पुन्हा पाहिला. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओचा, १९७८ चा. दिग्दर्शक लाउ कार-लेउंग, नायक गॉर्डन लिउ. चीनवरच्या मांचू राजवटीच्या जुलमातून जीव वाचवून एक विद्यार्थी शाओलिन मठात पोचतो, सान ते नावाने भिक्षू होतो आणि एकेका खोलीत एकेक विद्या शिकतो. अर्ध्या वाटेवर भाचा वैतागला, "मामा, हा मारणार कधी?"

माझं मत ठाम आहे : तो मारत नाही तोच भाग या सिनेमाचा जीव आहे. वर्षभर नुसती झाडलोट. मग सगळ्यांत वरच्या खोलीत जायचा हट्ट, आणि तिथून हात हलवत परत. मग सगळ्यांत खालच्या खोलीपासून सुरुवात : जेवणघराच्या वाटेवर पाणी, पाण्यात तरंगता ओंडक्यांचा भारा, त्यावर पाय देऊन पलीकडे जायचं. पाय टाकला की डुबकी. रात्री एकटाच उठून सराव करतो तेव्हा कुठे कळतं की जोर लावून उपयोग नाही, हलकं व्हायला हवं. नंतर पाण्याच्या बादल्या, हात ताठ आडवे, आणि दंडांना सुरे बांधलेले. हात खाली आला की पातं बरगडीला. तो दम लागलेला चेहरा पाहून माझे खांदे दुखायला लागतात. हे कुठल्या हाणामारीत मिळतं?

सरळबोल
दादा, खोल्या छान आहेत, मान्य. पण त्यांच्या अलीकडे-पलीकडे काय आहे? मांचू तेवढे सगळे दुष्ट, विद्यार्थी तेवढे सगळे सज्जन. लो लिएसारखा कसलेला नट सेनापती म्हणून घेतला आणि त्याच्या वाट्याला किती प्रसंग आले? ज्या सुडासाठी माणूस मठात गेला तो शेवटी घाईघाईने उरकलाय.

त्याच वर्षीचा 'ड्रंकन मास्टर' बघा. युएन वो-पिंगचा, जॅकी चॅनचा. तालीम तिथेही आहे आणि तीही जीवघेणी. पण तिथला पोरगा चिडतो, पळून जातो, मार खाऊन परत येतो. गुरू-शिष्यात भांडण आहे, माया आहे. सान ते मात्र पहिल्यापासून गंभीर. मला माणूस दिसत नाही, निश्चय दिसतो.

संध्याकाळचा शो
मला खटकतं ते वेगळंच. सिनेमाभर बाई जवळजवळ नाहीच. "मठात बायका कुठून येणार" हे उत्तर मी खूप ऐकलंय, पण मठाबाहेरही गाव आहे ना?

तरी दिग्दर्शकावर राग धरवत नाही, कारण १९८१ मध्ये त्यानेच 'माय यंग आंटी' केला. कारा हुईला त्यासाठी पहिल्याच हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. ज्यांना जुने कुंग फू पट म्हणजे फक्त पुरुषांचा घाम वाटतो, त्यांनी तो बघाच.

तालीमवाला
ताई, तुमचा मुद्दा बिनशर्त मान्य.

सरळबोल, तुमचा नाही. तुम्ही 'ड्रंकन मास्टर'चा दाखला दिलात, त्यातला नायक वाँग फे-हुंग. हा खराच होऊन गेलेला कुंग फू गुरू. त्या खऱ्या वाँग फे-हुंगचे शिष्य लाम साइ-विंग, त्यांचे शिष्य लाउ चाम, आणि लाउ चाम म्हणजे लाउ कार-लेउंगचे वडील. गॉर्डन लिउही त्यांच्याच हाताखाली शिकला. म्हणजे कॅमेऱ्यामागचा आणि समोरचा, दोघेही एकाच घरात घडलेले. म्हणून इथे शिकवणं हे दोन मारामाऱ्यांमधलं भरताड वाटत नाही. लांब काठीच्या टोकाला जड हातोडा लावून घंटा ठोकायची ती खोली आठवा. मनगट कसं थरथरतं ते दिग्दर्शक सावकाश, दृश्य न तोडता दाखवतो. ज्याने स्वतः ते भोगलंय त्यालाच तेवढा धीर असतो.

आणि निश्चय फक्त? मठातला ज्येष्ठ भिक्षू जोडतलवारी घेऊन समोर येतो, सान ते हरतो, पुन्हा येतो, पुन्हा हरतो. मग बांबूच्या वनात त्याला सुचते ती साखळीने जोडलेली तीन तुकड्यांची काठी. कुणी शिकवलेली नाही, पराभवातून निघालेली. तिथे मला माणूस दिसतो.

सरळबोल
ती काठी मीही विसरलेलो नाही. गुरुपरंपरा मोठी आहे, तिला हात जोडतो. पण परंपरा खरी म्हणून पटकथा चांगली, हे मी मानणार नाही.

माझ्या मते या सिनेमातली सगळ्यांत मोठी गोष्ट सुरुंगासारखी पुरून ठेवली आणि पेटवलीच नाही. पस्तीस खोल्या झाल्यावर सान ते छत्तीसावी मागतो : मठाबाहेरच्या साध्या माणसांना शिकवण्याची. मठ नाही म्हणतो. केवढा वाद आहे हा! विद्या कुणाची? भिंतीआड ठेवायची की वाटायची? सिनेमा त्यावर थांबतच नाही, पुढे पळतो.

म्हणून मला १९८० चा 'रिटर्न टु द थर्टी-सिक्स्थ चेंबर' जास्त जवळचा. तोच दिग्दर्शक, तोच नट, पण आता तो सान ते नाही, एक थापाड्या आहे. मजुरी कापली गेलेल्या रंगारी कामगारांसाठी तो शिकायला जातो, आणि त्याच्या वाट्याला येतं मठाभोवती बांबूची परांची बांधणं. बांधता बांधता अंगात विद्या मुरते, त्याला पत्ताही नसतो. ती विद्या घेऊन तो थेट कामगारांत परततो. छत्तीसावी खोली मला तिथे सापडली.

तालीमवाला
परांचीचं बरोबर बोललात. तरी पहिल्यातल्या ओंडक्यांच्या भाऱ्यावरून मी हटणार नाही. या रविवारी भाच्याला 'रिटर्न' दाखवतो, मग इथेच भांडू.