हिल्मा आणि गुडघे
स्वीडिश चित्रकार हिल्मा आफ क्लिंटबद्दल ‘अदृश्य शक्तींची चित्रं म्हणजे निव्वळ भोंदूगिरी’ असं कुणीतरी ठोकून दिलंय. हिल्मा प्लँचेटवाली होती, मान्य. पण १८९५ मध्येच क्ष-किरण सापडले होते. डोळ्यांना न दिसणारंही असतं, हे तेव्हा विज्ञानच सांगत होतं की!

मला तिच्या १९०७ च्या दहा भल्यामोठ्या चित्रांत शरीर जास्त जाणवतं. तीन मीटरहून उंच कागद! सदाशिव पेठेतल्या आमच्या हॉलमध्ये सोफा सरकवून मी तेवढा खाकी कागद अंथरला आणि एकच वर्तुळ काढायला घेतलं. हात पुरेना, कंबरेतून वळावं लागलं, मध्येच ओल्या रंगात गुडघा टेकला. (आई: “फरशी कोण पुसणार?”) वर्तुळाचं अंडं झालं. मोबाइलवर चित्र बघून हे कळत नाही हो.