जुनाट अर्धशिशीमुळे नोकरी सुटली. अमेरिकेत डिसॅबिलिटीसाठी अर्ज करावा का?

प्रश्न : जर्सीकर

सर्वांना नमस्कार. मी न्यू जर्सीत राहते, वय ४३, ग्रीन कार्ड आहे आणि बरीच वर्षे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी केली आहे. कॉलेजात असल्यापासूनची अर्धशिशी अलीकडे इतकी बळावली आहे की महिन्यातले निम्म्याहून अधिक दिवस डोकेदुखीत जातात, आणि त्यांतले बरेचसे पडदे ओढून, उलटीसाठी भांडे उशाशी ठेवून निपचित पडून राहण्यात. टोपिरामेट या प्रतिबंधक औषधामुळे बोलताना साधे शब्द आठवेनासे झाले म्हणून ते थांबवावे लागले. बोटॉक्सने तीव्रता थोडी उतरली, पण दुखण्याचे दिवस कमी झाले नाहीत. सध्या दरमहा सीजीआरपीचे (अर्धशिशी चेतवणाऱ्या प्रथिनाला अडवणारे) इंजेक्शन घेते. फॅमिली लीव्ह कायद्याची १२ आठवड्यांची रजा संपली, राज्याच्या तात्पुरत्या डिसॅबिलिटी विम्याची २६ आठवड्यांची मुदतही संपली आणि अखेर नोकरी सोडावी लागली.

न्यूरॉलॉजिस्टनी सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे पगारातून कापलेल्या कराच्या बळावर काम अशक्य झालेल्यांना मासिक पैसे देणाऱ्या सरकारी खात्याच्या, डिसॅबिलिटीसाठी अर्ज करण्याचे सुचवले आहे. परंतु माझा एमआरआय पूर्णपणे नॉर्मल आहे. ज्या आजाराची कोणतीही खूण तपासणीत दिसत नाही, त्यासाठी हा लाभ खरोखर मिळतो का? अर्जात नेमके काय सिद्ध करावे लागते, वकील सुरुवातीपासूनच घ्यावा का, आणि जिथे घरची माणसेसुद्धा ‘डोकेच तर दुखते’ असे म्हणतात तिथे परक्या अधिकाऱ्याला हे कसे पटवून द्यायचे, याबद्दल माहीतगारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : कागदपत्रवाली, टेक्सास

ताई, डिसॅबिलिटीचे दावे चालवणाऱ्या वकिलांच्या कार्यालयात मी कागदपत्रे तयार करण्याचे काम करते, त्यामुळे अर्धशिशीचे बरेच दावे जवळून पाहिले आहेत. नॉर्मल एमआरआयमुळे अर्ज बाद होत नाही. डोकेदुखीला दुसरे कोणतेही कारण नाही हे दाखवायला तो उलट उपयोगीच पडतो.

सोशल सिक्युरिटीच्या आजारांच्या यादीत अर्धशिशीला स्वतंत्र स्थान नाही, हे खरे आहे. मात्र ऑगस्ट २०१९ मध्ये खात्याने एसएसआर १९-४पी हा निर्णय लागू केला आणि अशा डोकेदुखीच्या विकारांची छाननी कशी करायची ते त्यात स्पष्ट केले. त्यानुसार केवळ रुग्णाने सांगितलेली लक्षणे पुरेशी नाहीत आणि डॉक्टरांनी नुसते निदान लिहून देणेही पुरेसे नाही. डॉक्टरांनी तपासून इतर कारणे वगळलेली असावीत, तुमचा झटका प्रत्यक्ष पाहिलेल्या कोणाचे तरी, म्हणजे डॉक्टरांचे किंवा घरच्या माणसाचे, वर्णन नोंदीत असावे आणि उपचारांना मिळालेला प्रतिसाद लिहिलेला असावा, अशा बाबी तिथे पाहिल्या जातात.

त्यानंतर तुमच्या त्रासाची तुलना अपस्माराच्या (फिट येण्याच्या विकाराच्या), म्हणजे त्याच यादीतल्या ११.०२ क्रमांकाच्या नोंदीशी केली जाते. सांगितलेले उपचार नियमित घेऊनही सलग तीन महिने आठवड्यातून निदान एकदा झटका येत असेल, किंवा दोन आठवड्यांतून एकदा येत असून एकाग्रता, स्वतःची व्यवस्था पाहणे यांसारख्या एखाद्या क्षेत्रात ठळक मर्यादा आली असेल, तर आजार त्या नोंदीच्या तोडीचा मानता येतो. झटका किती वेळ टिकतो, आधी काय जाणवते, काळोख व शांतता लागते का, औषधांचे दुष्परिणाम कोणते, हे सारे इथे विचारात घेतले जाते.

या पायरीवर यश मिळाले नाही तरी दावा तिथे संपत नाही, आणि माझ्या पाहण्यातले अर्धशिशीचे बहुतेक यशस्वी दावे याच्या पुढच्या पायरीवर मान्य झालेले आहेत. तिथे प्रश्न असा असतो की आजार जमेस धरून तुम्ही आठवड्याचे पाच दिवस, रोज आठ तास, नेमाने काम करू शकता का. आधी मागच्या पाच वर्षांतल्या तुमच्या कामाचा विचार होतो आणि नंतर देशात उपलब्ध असलेल्या इतर कोणत्याही साध्या कामाचा. तुमचे वय ५० च्या आत असल्यामुळे ‘टेस्टिंगचे काम जमत नाही’ एवढे दाखवून भागणार नाही. सुनावणीत न्यायाधीश व्यवसायतज्ज्ञाला विचारतात की महिन्यातून अमुक दिवस गैरहजर राहणाऱ्या माणसाला नोकरी टिकवता येईल का, आणि एक-दोन दिवसांहून अधिक गैरहजेरी कोणताही मालक चालवून घेत नाही, अशा आशयाची साक्ष हे तज्ज्ञ सहसा देतात. म्हणून वेदना किती भयंकर आहे यापेक्षा, त्या वेदनेपायी महिन्यात किती दिवस व किती तास काम अशक्य होते, यावर आपल्या साऱ्या कागदपत्रांचा भर हवा.

वकिलाला आगाऊ पैसे द्यावे लागत नाहीत. दावा मंजूर झाल्यास थकबाकीच्या, म्हणजे मागील महिन्यांच्या एकत्र मिळणाऱ्या लाभाच्या, २५ टक्के, पण नेहमीच्या शुल्क-करारात खात्याने ठरवलेल्या कमाल मर्यादेपर्यंत (नोव्हेंबर २०२४ मध्ये ती ९,२०० डॉलर झाली), एवढे शुल्क खाते थकबाकीतूनच वळते करते. लिहिण्याचे श्रम झेपत नसतील तर सुरुवातीपासूनच मदत घ्यावी.

उत्तर : मेंदूविकार डॉक्टर

वरील उत्तरात मी वैद्यकीय बाजूने भर घालतो, कारण चांगले दावे बरेचदा डॉक्टरांच्या त्रोटक नोंदींमुळे पडतात. ‘रुग्ण स्थिर, औषध चालू ठेवावे’ एवढीच ओळ आम्ही लिहिली की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला रुग्ण बरा असल्यासारखे वाटते. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार जुनाट अर्धशिशी म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातील १५ किंवा अधिक दिवस डोकेदुखी आणि त्यांपैकी किमान ८ दिवस अर्धशिशीची लक्षणे. म्हणून प्रत्येक भेटीत दिवसांची संख्या डॉक्टरांना सांगावी आणि ती नोंदीत आली आहे ना, हे रुग्णपोर्टलवर जाऊन पाहावे. याच कारणासाठी डोकेदुखीची रोजनिशी ठेवावी. तीत सुरुवातीची व शेवटची वेळ, उलटी, प्रकाश किंवा आवाज सहन न होणे, घेतलेली गोळी आणि त्या दिवशी करता न आलेली कामे लिहावीत, आणि दर भेटीत तिची प्रत फाइलला लावायला सांगावी.

आणखी एक मुद्दा आपल्या लोकांच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. वेदना सोसून डॉक्टरांसमोर ‘बरी आहे’ म्हणण्याची आपल्याला सवय असते, आणि मग तेच दोन शब्द फाइलमध्ये राहतात. भेटीच्या दिवशी खरोखर बरे वाटत असेल तर तसे सांगावे, पण त्यासोबत मागच्या चार आठवड्यांत काय झाले तेही सांगावे.

वेदनाशामकांच्या अतिवापराचा प्रश्नही छाननीत निघू शकतो. ट्रिप्टान (झटका आल्यावर घ्यायचे अर्धशिशीचे खास औषध) महिन्यात १० किंवा अधिक दिवस, अथवा साधी वेदनाशामके १५ किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली तर औषधामुळेच डोकेदुखी वाढू शकते. तुमच्या डॉक्टरांनी ही शक्यता तपासली असेल तर त्यांनी ती लिहून ठेवावी. टोपिरामेट का थांबवले आणि बोटॉक्सची मात्रा दर १२ आठवड्यांनी वेळेवर घेऊनही किती फरक पडला, याची स्पष्ट नोंद हवी, नाहीतर उपचार अर्धवट सोडल्याचा समज होतो.

उत्तर : ओहायोकर

माझ्या पत्नीचा दावा मंजूर झाला, पण न्यायाधीशांसमोरच्या सुनावणीनंतर. पहिल्या टप्प्यावर बहुतेक अर्ज नाकारले जातात, तेव्हा नकाराच्या पत्राने खचू नये. पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत फेरविचाराची मागणी करावी लागते, तिथेही नकार आला तर पुन्हा ६० दिवसांत सुनावणीची. ही मुदत चुकवून नव्याने अर्ज केला तर थकबाकीचे महिने हातचे जाऊ शकतात.

दैनंदिन कामांची माहिती विचारणारा ३३७३ क्रमांकाचा अर्ज विशेष काळजीने भरावा. ‘स्वयंपाक करता का?’ याला ‘हो’ एवढेच उत्तर दिले की ती व्यक्ती रोज उभे राहून स्वयंपाक करते असा अर्थ निघतो. माझ्या पत्नीने लिहिले की चांगल्या दिवशी कुकर लावून वरणभात करते, झटक्याच्या दिवशी गॅसपाशी जात नाही आणि मुलांचे जेवण मी आणतो. हे अक्षरशः खरे होते आणि सुनावणीत त्यावरच प्रश्न विचारले गेले. मी स्वतःचे स्वतंत्र निवेदनही दिले, ज्यात मी डोळ्यांनी पाहिलेलेच लिहिले होते : तिचे बोलणे अडखळणे, मोरीत बसून राहणे, दुसऱ्या दिवशीचा थकवा. घरच्यांना आधी त्रास पटत नसेल, तर रोजनिशी त्यांनाही दाखवावी. निवेदन देणाऱ्याला त्रासाची खरी कल्पना असेल तरच ते नेमके उतरते.

जर्सीकर

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. अमेरिकेत येण्यापूर्वी मी पुण्यात नोकरी केली आणि तेव्हा भविष्य निर्वाह निधी कापला जात होता. ती वर्षे इथे धरतात का? शिवाय सासूबाईंचा आग्रह आहे की काही महिने भारतात राहून पंचकर्म करून घ्यावे. त्याने अर्जाला बाधा येईल का?

कागदपत्रवाली, टेक्सास

पुण्यातली वर्षे धरली जाणार नाहीत, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार झालेला नाही. अमेरिकेतली एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरची वर्षे मात्र पगारातून सोशल सिक्युरिटी कर कापला गेल्यामुळे मोजली जातात. विद्यार्थी व्हिसावर ओपीटीच्या (शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या तात्पुरत्या नोकरीच्या परवानगीच्या) काळात हा कर बहुधा कापला जात नाही, त्यामुळे तो काळ जमेस धरू नका. तुमच्या वयाला शेवटच्या १० वर्षांत २० क्रेडिट (कर भरलेल्या कमाईवर मिळणारे गुण) लागतात, आणि वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात. सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर खाते उघडले की तुमच्या कमाईची नोंद दिसते. नियमित नोकरी केलेल्यांना या क्रेडिटमुळे मिळालेले संरक्षण काम थांबल्यावर साधारण पाच वर्षांनी संपते, म्हणून आणखी बरे वाटण्याची वाट पाहत अर्ज लांबवू नये.

पंचकर्माबद्दल सांगायचे तर ते करण्यास मनाई नाही, पण वैद्यांच्या नोंदीला इथे परवानाधारक फिजिशियनच्या नोंदीइतके स्थान नाही, आणि तेवढे महिने न्यूरॉलॉजिस्टकडची फाइल कोरी राहिली तर ‘या काळात उपचारांची गरज भासली नाही’ असा निष्कर्ष काढला जाऊ शकतो. शिवाय खात्याने स्वतःच्या डॉक्टरांकडे तपासणीला बोलावले आणि तुम्ही सबळ कारणाशिवाय हजर राहिला नाहीत, तर तेवढ्यावरूनही अर्ज नाकारता येतो. जायचेच असेल तर न्यूरॉलॉजिस्टशी आधी बोलून दूरध्वनीवरच्या किंवा व्हिडिओवरच्या भेटी ठरवून घ्या, इंजेक्शनची सोय करा आणि रोजनिशी तिथेही चालू ठेवा. अर्ज दाखल करणे तेवढे परतण्यावर ढकलू नका. लाभ मंजूर झाला तरी काम थांबल्यापासूनचे पहिले पाच पूर्ण महिने पैसे मिळत नाहीत, अर्जाच्या आधीची थकबाकी जास्तीत जास्त १२ महिन्यांची मिळते, आणि मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा लाभाचा हक्क सुरू झाल्यावर २४ महिन्यांनी लागू होतो. तोपर्यंतच्या आरोग्य विम्याची व्यवस्था आत्ताच पाहून ठेवा, कारण ती इंजेक्शने विम्याशिवाय परवडणारी नाहीत.