सहा हजारांची वाइन खरोखरच सहापट चांगली असते का?

घोडबंदरकर: मेहुण्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे होत आहेत. ठाण्यातील दुकानदाराने फ्रान्सची सहा हजारांची आणि नाशिकची एक हजाराची, अशा दोन रेड वाइन दाखवल्या. आम्ही दोघेही वाइन वर्षातून चार-पाच वेळाच पितो, तेव्हा या पाच हजारांचा फरक आमच्या जिभेला कळेल का, हे जाणकारांनी सांगावे.

नेरूळवासी: त्या पाच हजारांतला मोठा हिस्सा वाइनचा नव्हेच. परदेशी वाइनवर आपल्याकडे कित्येक वर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क लागत आले आहे आणि त्यावर राज्याचे कर व विक्रेत्यांचा नफा चढतो. (ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार डिसेंबर २०२२ पासून तिथल्या ठरावीक किमतीवरच्या बाटल्यांना सवलत आहे.) उत्पादनखर्चही किंमत वाढवतो, नाही असे नाही, परंतु वाइन मुरवायच्या ओक लाकडाच्या एका पिंपात २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्यांची वाइन मावते, त्यामुळे पिंप अगदी नवे आणि फ्रेंच असले तरी बाटलीमागे त्याचा भार काहीशे रुपयांपलीकडे जात नाही. बाकी सारे नावाचे मोल.

पाचपाखाडी: नावाचे मोल खोटे असते असे मात्र मी म्हणणार नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, किंमत लपवून घेतलेल्या सहा हजारांहून अधिक चाचण्यांमध्ये सामान्य लोकांना महाग वाइन किंचित कमीच आवडली होती, आणि प्रशिक्षित चाखणाऱ्यांचा कल तेवढा महागाच्या बाजूने दिसला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून पाजली, तेव्हा किंमत जास्त सांगितल्यावर ती लोकांना अधिक आवडली आणि मेंदूतील सुखाशी निगडित भागही अधिक सक्रिय झालेला आढळला. म्हणजे स्वतःसाठी घेत असाल तर हजाराची पुरे. भेट द्यायची असेल आणि मेहुणे लेबल वाचणारे असतील, तर पाच हजार अगदीच वाया जाणार नाहीत.

वाशीकर: बाटली ठेवणार कुठे, हे अद्याप कोणी विचारलेले नाही. अशीच एक महागडी बाटली मी स्वयंपाकघराच्या माळ्यावर जपून ठेवली होती. मे महिन्यातील उकाड्याने बूच वर सरकले आणि उघडल्यावर शिजवलेल्या मनुकांसारखी चव लागली. वाइनला बारा ते पंधरा अंश तापमान मानवते, ते आपल्या खाडीकाठच्या फ्लॅटमध्ये कुठून मिळणार? शिवाय दुकानातही ती कुठे उभी होती ते पाहून घ्यावे. नाशिकची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, म्हणून हलकी वाइन घेताना लेबलवरील वर्ष पाहून शक्य तितकी अलीकडची घ्यावी.

घोडबंदरकर: सर्वांचे आभार. मेहुणे लेबल वाचतात, आणि किंमतही विचारतात! तरीही नाशिकच्याच दोन बाटल्या घेतो, एक त्यांना आणि एक आमच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात.