चढणाऱ्याने बाजूला व्हायचं? का म्हणून?

चढकरी: डोंगरातल्या आपल्या ट्रेलवर चढणारा आणि उतरणारा सायकलवाला समोरासमोर आले तर वाट कोणी द्यायची, यावर उतारवेडा यांनी काल लिहिलं, ‘चढणारे तसेही रखडतच असतात, त्यांनीच बाजूला व्हावं, उतरणाऱ्याचा वेग मोडू नये.’ रखडत? सगळ्यात हलक्या गियरवर, पुढचं चाक उचलू नये म्हणून छाती हँडलवर टेकवून माणूस वळण चढत असतो. तिथे पाय टेकला की संपलं. मागचं चाक खडीत गरगरतं आणि सपाटी येईपर्यंत सायकल ढकलत न्यावी लागते. उतरणाऱ्याला पुन्हा निघायला नुसता ब्रेक सोडायचा असतो. १९८८ साली स्थापन झालेल्या ‘इम्बा’चा, म्हणजे डोंगरी सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, नियमही हाच आहे: उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, आणि सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला.

उतारवेडा: नियम मला पाठ आहेत. सुट्या खडीवर एका चढणाऱ्यासाठी एकदम थांबायला गेलो आणि कॉलरबोन मोडून घेतलं. चढणारा दोन फुटांत थांबतो, मी नाही थांबू शकत.

पायवाटी: दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येत नसेल तर तो वेगच चुकीचा. वडिलांसोबत चालत होते, वळणावरून एक सायकल आली आणि हँडल त्यांच्या कोपराला घासून गेलं. घंटा नाही, हाक नाही. त्या दिवसापासून ते ट्रेलवर आलेले नाहीत.

उतारवेडा: वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण घंटा वाजवून ऐकतं कोण? निम्म्यांच्या कानात इअरफोन. आणि वळणं कापून शॉर्टकट पाडले कोणी? चालणाऱ्यांनीच ना?

मातीकाम: शॉर्टकटचं नाव निघालंच आहे तर बोलतो. तीन रविवार फावडं मारलंय तिथे. चढ साधारण दहा टक्क्यांच्या आत राहावा म्हणून वाट अशी वळवत नेतात. शॉर्टकट सरळ खाली उतरतो, पाणीही त्याच वाटेने धावतं. वरून तिसऱ्या वळणापाशी माझा गुडघा बुडेल एवढी घळ झाली आहे. पण सायकलवाल्यांनी हात झटकू नयेत. मागचं चाक लॉक करून घसरत वळलात की माती बाहेरच्या कडेला साचते, मधे खोलगट होतं आणि पाणी तिथेच तुंबतं. त्या मातीत टायरच्या खुणा मी रोज बघतो.

पायवाटी: शॉर्टकट आमच्या पायांनी झाले, मान्य. तोंडावर दगड आणि काटक्या रचून बंद करा, आम्ही फिरून जाऊ.

चढकरी: मूळ मुद्दा राहिला बाजूला. वाट कोणी द्यायची?

उतारवेडा: द्या हो, मीच देतो. ब्रेक वळणात नाही, वळणाआधी मारायचा, हेही कळतं मला. पण चढणाऱ्यानेही मान वर करून बघावं, एक हाक द्यावी.

चढकरी: हाक द्यायला छातीत दम उरलेला असतो का? वर बघेन, एवढं नक्की.

मातीकाम: रविवारी घळ दगडांनी भरायची आहे. कोण येतंय?

उतारवेडा: मी येतो. दगड उचलायला. वाद घालायला नाही.