शेतीला एवढा उशीर का लागला?

कातळवाट (धागाकर्ता)

चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम इथे पुरातत्त्वज्ञ शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडलेल्या दगडी हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत. त्याच जागी ही पद्धत मागे पडून लहान, आखून काढलेल्या हत्यारांची नवी रीत दिसते ती सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी. मधे अकरा लाख वर्षं गेली. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर चव्वेचाळीस हजार पिढ्या. उलट माणूस गहू पेरायला लागला त्याला अजून पाचशे पिढ्याही झालेल्या नाहीत.

हे आकडे ऐकले की बहुतेक जण म्हणतात, आधीचा माणूस मंदच होता, पुढे कधीतरी डोकं चाललं आणि शेती सुरू झाली. मला हे अजिबात पटत नाही. हातकुऱ्हाडी घडवणारे आपल्या जातीचे, म्हणजे होमो सेपियन्स, नव्हते, त्यांचं सोडून देऊ. पण मोरोक्कोत जेबेल इर्‍हूदला सापडलेले आपल्याच जातीचे अवशेष ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोंबोस गुहेत १ लाख वर्षांपूर्वी कुणीतरी गेरू कुटला, त्यात हाडातली चरबी आणि कोळसा घातला आणि मोठ्या शिंपल्यात कालवून रंग ठेवला. जिन्नस वेगवेगळ्या ठिकाणांहून आणायचे, कुटायचे, कालवायचे, साठवायचे, एवढं ज्याला जमतं त्याला बी मातीत पडलं की रोप उगवतं हे कळत नव्हतं, असं मी मानणार नाही.

अडवलं ते हवामानाने. ग्रीनलंडच्या बर्फात खोल भोकं पाडून काढलेल्या नमुन्यांवरून दिसतं की हिमयुगात तिथलं तापमान काही दशकांत आठ-दहा अंशांनी, कधी त्याहूनही जास्त उसळायचं. आजोबांनी पाहिलेला पाऊस नातवाच्या वाट्याला येईल याची खात्री नाही. कडाक्याच्या काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड १९० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १९० भाग) आसपास होता, त्यात गहू-बार्लीसारखी गवतं कशीबशीच वाढणार. ११,७०० वर्षांपूर्वी होलोसीन, म्हणजे हिमयुगानंतरचा आजचा उबदार काळ, सुरू झालं, हवा स्थिरावली आणि पुढच्या काही हजार वर्षांत पश्चिम आशियात गहू-बार्ली, चीनमध्ये भात आणि राळा, मेक्सिकोत भोपळा आणि मका, न्यू गिनीत अळू आणि केळी अशी लागवड सुरू झाली. एकमेकांची गाठही न पडलेल्या लोकांनी हे केलं. रिचर्सन, बॉइड आणि बेटिंगर यांनी २००१ मध्ये हेच मांडलं होतं, की हिमयुगात शेती शक्यच नव्हती. माझंही मत तेच आहे.

---

उत्तरायण

असहमत. अशी उबदार हवा पूर्वीही एकदा मिळाली होती. सुमारे १ लाख ३० हजार ते १ लाख १५ हजार वर्षांपूर्वी जग आजच्याइतकं, किंबहुना थोडं जास्तच उबदार होतं. कार्बन डायऑक्साइडही पुरेसा होता. इस्रायलमधल्या स्खुल आणि कफ्झेह इथे आपल्या जातीची जी हाडं मिळाली ती १ लाख २० हजार ते ९० हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे पुढे जिथे शेती सुरू झाली त्याच मुलखात माणूस होता, ऊब होती, आणि वेळ आख्ख्या होलोसीनपेक्षा जास्त होता. तरी कुणी शेत केलं नाही. तुमच्या मांडणीत याचं उत्तर नाही.

माझं उत्तर लोकसंख्येचं आहे. कौशल्य टिकायला आणि वाढायला शिकणारी माणसं लागतात. पाच-पन्नास जणांच्या विखुरलेल्या टोळ्यांत एखादी युक्ती ज्याला साधली तो गेला की तीही गेली. टास्मानिया बघा. समुद्र वर आला, बेट ऑस्ट्रेलियापासून तुटलं, काही हजार माणसं एकटी पडली. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथून हाडाच्या टोच्या नाहीशा झाल्या आणि मासे खाणंही बंद झालं. जोसेफ हेन्रिक यांनी २००४ मध्ये याचा संबंध थेट माणसांच्या संख्येशी जोडला. माणसं जमली की वेग वाढतो, पांगली की ज्ञान गळतं.

---

कातळवाट

टास्मानियाचं उदाहरण जपून घ्यायला हवं. थंड प्रदेशात माशापेक्षा चरबीचं मांस परवडतं, म्हणून त्यांनी मासे सोडले असंही काही पुरातत्त्वज्ञ मानतात. तो विसर नव्हे, तो निर्णय झाला.

आणि ज्ञान अपुरं होतं म्हणाल तर ओहालो पाहा. १९८९ साली गॅलिलीच्या सरोवराचं पाणी खूप खाली गेलं तेव्हा तळाशी २३,००० वर्षांपूर्वीची वस्ती उघडी पडली. काटक्या-गवताच्या झोपड्या, चुली, शंभराहून जास्त जातींच्या वनस्पतींचे अवशेष, रानटी बार्ली आणि गहू, आणि एका दगडावर दळलेल्या धान्याचे स्टार्चचे कण. हा ऐन हिमयुगाचा कडाका आहे. दळण येत होतं, कुठलं गवत कधी पिकतं ते पाठ होतं. तरी शेती यायला आणखी अकरा हजार वर्षं लागली. मग राहिलं काय होतं? हवा.

---

शिवारकर

मी लातूरकडचा, सोयाबीन करतो. धान्याच्या बाजूने बोलतो.

सोयाबीन काढायला चार दिवस उशीर झाला आणि ऊन तापलं की शेंगा तडकतात, दाणे रानात पडतात. शेतकऱ्याला हे नुकसान, पण झाडाच्या दृष्टीने बी पसरणं हेच तर काम. रानटी गव्हाची ओंबीही अशीच. पिकली की कणा पेराबरोबर सुटतो आणि दाणे आपले आपण गळतात. लागवडीच्या गव्हाची ओंबी मात्र मळल्याशिवाय सोडत नाही. जळून कोळसा झालेल्या ओंबीत हा फरक भिंगाखाली दिसतो: रानटी दाणा जिथून सुटला तिथला व्रण गुळगुळीत असतो, लागवडीच्या दाण्याचा फाटलेला, खरबरीत.

हिलमन आणि डेव्हिस यांनी १९९० मध्ये हिशेब मांडला होता की विळ्याने कापून पुन्हा पेरत गेलं तर न गळणारा गहू २० ते २०० वर्षांत सगळीकडे होईल. टानो आणि विलकॉक्स यांनी २००६ मध्ये खरेखुरे जुने व्रण तपासले तेव्हा हजार वर्षांहूनही जास्त काळ दोन्ही प्रकार मिसळून दिसले. गुळगुळीत कमी होत जातात, खरबरीत वाढत जातात, पण फार सावकाश.

एवढं सावकाश का? कारण ते लोक शहाणे होते. दाणे गळून जातील म्हणून ओंबी पुरती पिकायच्या आत, आपण हुरड्याला काढतो तशी, हिरवट कापायची, नाहीतर टोपलीत झोडपायची. अशा कापणीत न गळणाऱ्या ओंबीला काही फायदाच मिळत नाही. वर एखाद्या वर्षी पीक बुडालं की बियाणं पुन्हा रानातूनच आणायचं.

तुम्ही दोघं शेती कधी सुरू झाली यावर भांडता आहात. मला तो एक दिवस कुठे दिसत नाही. पेरणारा, रानातून वेचणारा आणि हरणं मारणारा माणूस शंभर पिढ्या एकच होता.

---

उत्तरायण

शिवारकर, प्रतिसाद फार आवडला. यात हार्लन यांच्या प्रयोगाची भर घालतो. १९६६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी तुर्कस्तानात काराजादाग डोंगरावर गारगोटीच्या पात्याच्या विळ्याने रानटी गहू कापून पाहिला. तासाला जवळपास किलोभर स्वच्छ दाणा मिळाला. एका कुटुंबाने तीनेक आठवडे राबलं तर वर्षभर पुरून उरेल इतकं धान्य, असा त्यांचा अंदाज होता. न पेरता! अशा ठिकाणी नांगरायला कोण जाईल? म्हणून मी म्हणतो, शेतीकडे माणूस वळला तो माणसं वाढली आणि रान अपुरं पडलं म्हणून.

---

मुक्ता_व

इतका वेळ वेगावर चर्चा चालली आहे आणि हा वेग चांगल्या दिशेचा होता हे सगळ्यांनीच धरून ठेवलं आहे. मला तिथेच थांबायचं आहे.

सीरियात युफ्रेटिसच्या काठी अबू हुरेरा नावाचं गाव होतं. धरणाचं पाणी चढायच्या आत १९७२-७३ मध्ये घाईने खणलं, आज ते पाण्याखाली आहे. तिथे आधी गोळा करून खाणारे राहत होते, मग तिथेच शेती आली. थिया मॉलेसन यांनी तिथली हाडं अभ्यासली. पायाच्या अंगठ्याचा सांधा झिजलेला आणि वाकडा, गुडघ्याच्या हाडांवर जादा वाढ, पाठीचे खालचे मणके दबलेले. बहुतेक स्त्रिया. गुडघे टेकायचे, पायाची बोटं मागे दुमडून जमिनीत रोवायची आणि अंगाचं सगळं वजन टाकून दगडावर दगड पुढे-मागे घासायचा, रोज काही तास, लहानपणापासून मरेपर्यंत. फिरवायचं जातं यायला अजून हजारो वर्षं होती.

कणीस गळायचं थांबलं याची नोंद आपण घेतो, आणि त्या कणसाचं पीठ करणारीच्या अंगठ्याची घेत नाही. कुणासाठी झाली ही प्रगती? ठरवलं कुणी? शेतीबरोबर दातांची कीड वाढली, गुरांच्या आणि माणसांच्या दाटीने रोग वाढले, कित्येक ठिकाणी उंची घटली. 'उशीर झाला' असं म्हणणंच मला मान्य नाही.

---

घाटावरचा

मुक्ताताई, हाडांचं तुम्ही सांगता ते खरं आहे, पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडा. सतत फिरणाऱ्या आईला दोन लेकरं एकदम कडेवर घेऊन चालता येत नाही, त्यामुळे दोन बाळंतपणांत चार-चार वर्षांचं अंतर राहायचं. गावात स्थिर झाल्यावर धान्याची पेज बाळाला लवकर देता आली, अंगावरचं दूध लवकर सुटलं, अंतर कमी झालं. शेतीनंतर दफनभूमींत लहान मुलांच्या सांगाड्यांचं प्रमाण वाढतं, त्याचा अर्थ बोके-अपेल यांच्यासारखे अभ्यासक जन्मदर वाढला असाच लावतात. जास्त माणसं जगात आली, त्यांतली पुष्कळ जगली. तुम्ही-मी त्यांचेच वंशज. याला नुकसान म्हणायला माझं मन घेत नाही.

---

मुक्ता_व

ती वाढलेली बाळंतपणंही तिचीच होती, घाटावरचे. अंगठा झिजलेल्या त्याच बाईची. वंश वाढला म्हणून तिचं आयुष्य सुधारलं असं होत नाही.

---

घोडकाठ

आपल्याकडचं एक उदाहरण देतो, कारण वेग म्हटलं की सगळे पुढे जाणाराच धरतात. शिरूर तालुक्यात घोड नदीवर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत ते खणलं. इ.स.पू. १६०० च्या सुमारास तिथे शेतकरी आले. बार्ली मुख्य पीक, चौकोनी प्रशस्त घरं, धान्याची कोठारं, नदीचं पाणी वळवायला पाट आणि बांध.

मग इ.स.पू. १००० च्या आसपास घरं लहान आणि गोल होत जातात, मडक्यांची घडण ओबडधोबड होते, शेती आक्रसते आणि शिकार-पशुपालन वाढतं. तिथे खणणाऱ्या पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांनी याचं कारण पाऊस घटला असं दिलं. इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली. सहाशे वर्षं पाट बांधून शेती करणारी माणसं झोपडी आणि मेंढरांकडे वळली. त्यांची अक्कल कमी झाली नव्हती. उत्तरायण, ज्ञान गळतं म्हणता, पण इथे गावात शिकवणारी माणसं होती. पाणी नव्हतं.

---

कातळवाट

घोडकाठ, मनापासून आभार. उत्तरायण, तुमच्या उबदार काळाबद्दल. मोझांबिकमधल्या न्गालुए गुहेत सुमारे १ लाख वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर रानटी ज्वारीचे स्टार्चकण मिळाल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. तो पुरावा सगळ्यांना मान्य नाही, पण मला महत्त्वाचा वाटतो. धान्याकडे लक्ष तेव्हाही होतं, आणि मग हिमयुग पुन्हा आलं.

---

उत्तरायण

मग ज्वारीचंच घ्या. लागवडीखाली आलेल्या ज्वारीचा सर्वांत जुना पुरावा पूर्व सुदानचा, सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचा. होलोसीन लागून तोवर साडेसहा हजार वर्षं झाली होती. हवा अनुकूल, ज्वारी रानभर, माणूस हजर. त्याने गुरं राखली, मडकी घडवली, पण ज्वारी रानातलीच काढत राहिला. ही साडेसहा हजार वर्षं हवामानाच्या नावावर कशी घालणार?

---

कातळवाट

घालतो. त्या काळात सहारा हिरवा होता. आज जिथे वाळू आहे तिथे तळी होती, पाणघोडे होते आणि गवताची कुरणं होती. रान दाणे देत होतं तोवर पेरायची गरज पडली नाही. साडेपाच-पाच हजार वर्षांपूर्वी पाऊस दक्षिणेकडे सरकला, कुरणं आटली, माणसं आणि गुरं नद्यांच्या काठी दाटली, आणि ज्वारीच्या शेताचा पुरावा मिळतो तो बरोबर त्याच सुमाराचा.

---

उत्तरायण

"माणसं नद्यांच्या काठी दाटली" हे वाक्य तुम्ही लिहिलंत. मी पहिल्या प्रतिसादापासून त्या दाटीबद्दलच बोलतो आहे.